वायदेबाजारातली ‘कॉटन कँडी’ म्हणजे काय हाय राजेहो?

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
एक शंका हाय. पुतण्यानं माझ्या मोबाइलात वायदेबाजाराचं ॲप टाकून देल्लं. कापसाचा भाव पाहावा म्हणून उघडलं तं तिथं नाव दिसते ‘कॉटन कँडी’. आता कॉटन कँडी म्हणजे जत्रेतले बुढ्ढी के बाल, हे तं लहान पोरालेही माहीत हाय. पुतण्या म्हणते, “काका, साखरेचा भाव असन.” म्हटलं बावा, साखर पंचावन हजारानं कोण इकते? खाली बारीक अक्षरात ‘रुपये प्रति कँडी’ असंही लिहून हाय.

आपली इक्री क्विंटलनं, हमीभाव क्विंटलनं, काटा किलोचा. मंग हे कँडी मधातच कोठून आली? स्पेलिंगही चॉकलेटवालंच हाय: सी, ए, एन, डी, वाय. छापणाऱ्याची गडबड हाय का खरंच असा शब्द हाय?

जिनवाला (वणी)
गडबड नाही भाऊ, शब्द खरा आहे. जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी करतात तिथं, दिवसातून दहादा ऐकतो. दलाल फोनवर विचारतो, “खंडी काय चालू आहे?” आणि तोच माणूस सौदापत्रात इंग्रजीत कँडी लिहितो. एक खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. रुई, बरं का. सरकीसकटचा कापूस नव्हे. तुमचा क्विंटल कापसाचा आहे, ही खंडी रुईची आहे, म्हणून दोन भाव एकमेकांशेजारी ठेवले की डोकं चक्रावते.

एमसीएक्स ह्या वायदेबाजारात आधी रुईच्या १७० किलोच्या गाठीवर भाव निघायचा. २०२३ मध्ये करार बदलला आणि भाव खंडीवर आला. तेव्हापासून ॲपमध्ये हे नाव दिसते. मुंबईच्या कॉटन असोसिएशनचे रोजचे भाव पाहाल तर तिथंही क्विंटल आणि खंडी असे दोन्ही रकाने असतात.

पुण्यातून_वऱ्हाडी
म्हणजे शेतकऱ्याला कळू नये म्हणून मुद्दाम इंग्रजी माप काढलं. जुनाच खेळ.

शब्दवेडी (हिंगणघाट)
इंग्रजी माप कुठलं, हे तर आपलंच माप आहे. आपली खंडी परदेशी गेली, तिथं कँडी झाली आणि आता मोबाइलमधून परत आली.

मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे ह्या शब्दावर जरा रेंगाळते. मोठ्या इंग्रजी कोशात कँडीच्या दोन वेगळ्या नोंदी सापडतात. एक गोळ्या-चॉकलेटवाली. दुसरी वजनाची: दक्षिण आणि पश्चिम भारतातलं जुनं वजन, साधारण वीस मणांचं. दुसरीच्या पुढं मूळ शब्द दिलेला असतो मराठी ‘खंडी’, सोबत तमिळ-मल्याळम ‘कंडि’. अँग्लो-इंडियन शब्दांचा जो प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये निघाला, हॉब्सन-जॉब्सन, त्यातही ही कँडी आहे. ढोबळ मानानं पाचशे पौंड, पण ठिकाणागणिक बदलते, असं तो कोश सांगतो. मराठी-तेलुगू खंडी आणि मागं संस्कृत ‘खंड्’, म्हणजे तुकडे करणं, वाटणं, अशी व्युत्पत्तीही देतो.

स्पेलिंगची गंमत वेगळीच. पोर्तुगीजांनी ह्याला ‘कांदिल’ केलं. इंग्रजांच्या कागदांत कधी सी-नं, कधी के-नं, कधी नीट के-एच-ए-एन-डी-आय असं दिसतं. व्यापारात टिकलं ते नेमकं मिठाईचं स्पेलिंग. कारण साधं असावं. कारकुनाला जो शब्द आधीपासून लिहिता येत होता तोच त्यानं लिहिला. आमच्या वर्गातली पोरंही हेच करतात, ‘तण’ ऐकलं की टी-ए-एन लिहून मोकळे!

झाडीतला (साकोली)
मग ‘ख’चा ‘क’ कसा झाला ताई? आपल्या तोंडून तर खणखणीत खंडीच निघते.

शब्दवेडी (हिंगणघाट)
दोन गोष्टी. एक, इंग्रजाच्या कानाला क आणि ख हे वेगळे वर्ण नाहीत, त्याला दोन्ही एकच. दुसरी, हा माल नुसता आपल्याकडच्या बंदरांतून जात नव्हता. मलबार आणि मद्रासच्या किनाऱ्यावर हेच माप होतं. तमिळ लिपीत ख साठी वेगळं अक्षरच नाही, तिथं ते ‘कंडि’च. म्हणून इंग्रजीनं शब्द मराठीतून उचलला की तमिळमधून, ह्यावर कोशकार एका बाजूला झुकत नाहीत, दोन्ही देऊन टाकतात. मला विचाराल तर मुंबईच्या कापसाची कँडी मराठी आणि मद्रासची कँडी तमिळ, असं मानायला काही हरकत नाही.

मापारी_बाबा (पांढरकवडा)
लेकरांनो, जरा थांबा. माझी हयात बाजार समितीच्या काट्यावर गेली. खंडी वीस मणाची असते हे आम्हाले पाठ. मण चाळीस शेराचा. त्या हिशोबानं मण सदतीस किलोच्या वर जातो आणि खंडी साडेसातशे किलोपाशी. आन् जिनवाला म्हणते ३५६. म्हणजे निम्मीही नाही! ही कोणती खंडी? अर्धी रुई कोठी गेली?

जिनवाला (वणी)
बाबा, ३५६ हा आकडा आम्हाला बिलावर छापील मिळतो, मागचा हिशोब आम्ही कधी विचारलाच नाही. खामगावच्या भाऊला आवाज द्या, ते जुन्या बाजाराचे गठ्ठे घेऊन बसलेले असतात.

खामगावचा_भाऊ
आलो. बाबांचा हिशोब बरोबर आहे, फक्त मण वेगळा आहे.

बाबा जो मण सांगतात तो चाळीस शेरांचा, ज्याला बंगाली किंवा रेल्वेचा मण म्हणत. ८२ पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे ३७.३२ किलो. वीसनं गुणा, ७४६ किलो. बाबांची खंडी ती. मुंबईचा मण मात्र फार लहान होता, फक्त २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोही नाही. मुंबईची साधी खंडी म्हणजे असे २० मण, ५६० पौंड. मद्रासचा मण २५ पौंडांचा, म्हणून तिथली खंडी ५०० पौंडांची.

आता खरी मेख. मुंबईत कापसाची खंडी वीस मणांची नव्हतीच. ती २८ मणांची. २८ गुणिले २८ बरोबर ७८४ पौंड. ७८४ पौंडांचे किलो करा, ३५५.६ येतात. तेच गोल करून ३५६. ॲपमध्ये दिसणारा हा आकडा म्हणजे मुंबईच्या जुन्या कापूस बाजाराचं वजन, नुसतं किलोत लिहिलेलं.

कापसाला २८ मण का, तर पटण्यासारखं एक उत्तर आकड्यातच आहे. ७८४ पौंड म्हणजे नेमके ७ इंग्रजी हंड्रेडवेट, एक हंड्रेडवेट ११२ पौंडांचं. माल जायचा इंग्लंडात, लिव्हरपूलला. इकडं खंडी, तिकडं हंड्रेडवेट, मधे अपूर्णांक नाही. कारकुनाचं काम हलकं.

आणि पूर्वी आकडेवारीतली गाठ ३९२ पौंडांची धरत. ७८४ च्या बरोबर निम्मी! दोन गाठी, एक खंडी. आता गाठ १७० किलोची झाली, त्यामुळे ती जोडी फुटली. ३५६ ला १७० नं भागलं तर दोनच्या वर थोडं उरतंच.

मापारी_बाबा (पांढरकवडा)
आता कसं! अठ्ठावीस मणाची खंडी म्हणून सांगा न. मुंबईवाल्याचा मणच लहान, म्हणून खंडीत आठ मण जास्तीचे टाकले तरी आमच्या निम्म्यालेही पुरत नाही.

झाडीतला (साकोली)
आमच्या झाडीपट्टीत कापसाचं नाव नाही, पण खंडी आहे. धानाची. आमची खंडी वजनाची नाही, मापाची. वीस कुडव म्हणजे एक खंडी. कुडव भरून ओतायचा आणि मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचा. लाभ, दोन, तीन... तेच माप धानाला, तेच लाखोळीला, तेच तांदळाला. वजन मग ज्याचं त्याचं. भरलेल्या धानाची खंडी जड, पोचट धानाची हलकी. किलोत किती म्हणून विचारलं तर म्हातारे हसतात.

जमीनही खंडीत सांगतात. ‘त्याची दोन खंडीची बांधी आहे’ म्हणजे तेवढं बियाणं पडेल एवढी जमीन. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, पण सोयरीक जुळवताना म्हातारा खंडीच विचारतो.

मेंढका (मेहकर)
आमची मेंढरंही खंडीनंच मोजतात. वीस मेंढरं, एक खंडी. इथं वजन नाही अन् मापही नाही, नुसता आकडा. वाड्याच्या तोंडाशी उभं राहून मोजायचं. खंडी भरली की एक खडा खिशात.

शब्दवेडी (हिंगणघाट)
ह्या दोन पोस्टींमुळे मजा आली. म्हणजे खंडीचा गाभा वजन नसून ‘वीस’ आहे. वीस मण, वीस कुडव, वीस मेंढरं. त्यावरूनच ‘खंडीभर’ म्हणजे पुष्कळ. आई म्हणते तसं, “खंडीभर कामं पडलीत आन् तू मोबाइल घेऊन बसली.” मुंबईच्या कापसाची २८ मणांची खंडी मात्र अपवाद. व्यापाऱ्यांनी नाव जुनं ठेवलं आणि आत आकडा आपल्या सोयीचा घातला.

इंग्रजीतला ‘माँड’, म्हणजे आपला मण, असाच वाट चुकलेला आहे. एम-ए-यू-एन-डी. शेवटचा डी आपल्या शब्दात कुठंही नाही. आणि मण तरी कुठं नुसता आपला? अरबीत ‘मन्न’, ग्रीकांचं ‘मिना’, त्याच्याही मागं बाबिलोनकडचं ‘मनू’. जुन्या जगातला फिरस्ता शब्द आहे तो.

पुण्यातून_वऱ्हाडी
ठीक, वजनवाली कँडी आपली, मानलं. पण लगेच व्हॉट्सॲपवर फिरेल की चॉकलेटची कँडीपण मराठीच आहे. सगळं जग आपल्याकडूनच शिकलं, असं. तेवढं नका करू.

शब्दवेडी (हिंगणघाट)
मराठी नाही, पण मूळ भारतातच निघतं, त्याला मी काय करू? गोड कँडी इंग्रजीत आली फ्रेंच ‘सुक्र कांदी’ मधून. फ्रेंचमध्ये आली अरबी ‘सुक्कर कंदी’ वरून. अरबीत ‘कंद’ फारसीतून, आणि फारसीत संस्कृत ‘खंड’ वरून. खंड म्हणजे तुकडा, साखरेचा खडा. हिंदीतली खांड तीच, खांडसरी कारखान्यातली खांडही तीच. आधी इंग्रजीतही नुसतं कँडी म्हणत नसत, ‘शुगर कँडी’ म्हणत, म्हणजे खडीसाखर. पुढं साखर गळाली, कँडी राहिली.

तेव्हा गोड कँडी अरबस्तानातून युरोपात गेली आणि वजनाची कँडी समुद्रमार्गे व्यापाऱ्यांच्या वह्यांतून. वाटा वेगळ्या, शतकं वेगळी. मागं जाऊन दोन्ही ‘खंड’ पाशी भेटतात, वजनाच्या बाबतीत कोश थोडं हातचं राखून बोलतात एवढंच. आणि हा ‘खंड’ संस्कृतातला जुनाच की द्राविडी भाषांमधून आत आलेला, ह्यावर अभ्यासकांचं भांडण आहे ते आहेच.

सरसकट सगळं आपलं नाही, हेही सांगते. श्रीलंकेतलं कँडी शहर ह्यात येत नाही, ते सिंहली ‘कंद’ म्हणजे डोंगर, त्यावरून. ‘कँडिडेट’ही नाही. तो लॅटिनमधल्या पांढऱ्या रंगावरून, कारण रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा पांढराशुभ्र झगा घालून फिरायचा. आपल्याकडं तेवढी प्रथा मात्र अजून टिकून आहे.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
😂 ताई, ग्रामपंचायतीचे दिवस हायत, जपून!

मंग ते बुढ्ढी के बाल?

शब्दवेडी (हिंगणघाट)
ते अमेरिकेतलं. यंत्र १८९७ मध्ये तयार केलं विल्यम मॉरिसन नावाच्या माणसानं, जॉन व्हार्टन ह्या मिठाईवाल्याला सोबत घेऊन. मॉरिसन दातांचा डॉक्टर होता! १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात ते ‘फेअरी फ्लॉस’ नावानं विकलं. कॉटन कँडी हे नाव नंतर रुळलं, इंग्लंडात अजूनही ‘कँडी फ्लॉस’ म्हणतात. कापसाशी संबंध दिसण्यापुरता.

बोंडसड (आर्वी)
दातांच्या डॉक्टरनं साखरेचं यंत्र काढलं म्हणजे गिऱ्हाईक पक्कं करून ठेवलं. आमच्याकडं काही कृषी केंद्रवाले हेच करतात.

संपादक
बोंडसड, कोणाचं नाव येऊ देऊ नका. धागा खंडीवर ठेवा.

खामगावचा_भाऊ
खंडीवरच बोलतो. कापसाच्या व्यापारातून विदर्भाची आणखी काही नावं इंग्रजीत गेली होती, ती आता कोणाच्या तोंडी नाहीत. ‘ऊमरा’ माहीत आहे? लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडाकडच्या रुईचं नाव ‘ऊमराज’. डबल-ओ लावून लिहायचे. तो ऊमरा म्हणजे आपली उमरावती, अमरावती! तिथल्या साहेबानं अमरावती पाहिली नसेल, पण ऊमराचा भाव त्याला रोज माहीत. हिंगणघाट हेही तसंच रुईच्या जातीचं नाव होतं, आखूड धाग्याच्या देशी कापसात वरच्या दर्जाचं. ताईंना सांगायला नको.

हे सगळं वाढलं १८६१ ते १८६५ च्या काळात. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लिव्हरपूलनं मुंबईकडं तोंड वळवलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव फाटा सुरू झाला, त्या वेळी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले होते. कशासाठी? कापसासाठीच. तेरा किलोमीटरच्या आत-बाहेरचा फाटा आणि त्याला व्हाइसरॉय!

‘जिन’ हाही शब्द बघा. आपण ‘जिनात कापूस नेला’ म्हणतो. तो ‘एंजिन’चा तुटका तुकडा आहे. एली व्हिटनीनं १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र केलं ते ‘कॉटन जिन’. दारूची जिन वेगळी, ती जुनिपरच्या फळावरून. आणि कापूस ज्या बारदान्यात भरतो त्याला इंग्रजीत ‘गनी’ म्हणतात. ती आपली गोणी.

पुण्यातून_वऱ्हाडी
गनी = गोणी हे एक मला खरंच माहीत नव्हतं. ऑफिसात उद्या सांगतो.

पण मूळ मुद्द्यावर या. १९५६ मध्ये मापांचा कायदा झाला, १९६२ पर्यंत शेर-मण बाजारातून गेले. दुकानदार शेरानं तोलला तर दंड. मग देशातला एवढा मोठा बाजार अजून खंडीवर कसा?

जिनवाला (वणी)
कारण काटा खंडीचा नाही. काट्यावर किलोच आहेत, बिलातही किलो. खंडी फक्त भाव बोलायला. ३५६ किलोचा गुणाकार सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे. गिरणीवाला कोइंबतूरचा, दलाल मुंबईचा, जिन वणीची, आणि फोनवर तिघं एकच शब्द बोलतात. तो शब्द बदलायला गेलं तर महिनाभर सगळे चुकतील.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
माहिती झकास भेटली. पण मले आता सोपं करून सांगा. ॲपमधी कँडीचा भाव दिसला, तं माह्या कापसाचा क्विंटल कितीत पडते ते कसं काढू? खेडा खरेदीवाला दारात उभा असते आन् म्हणते ‘मार्केट डाऊन हाय’. त्याले तिथंच हिशोब दाखवता आला पायजे.

जिनवाला (वणी)
घ्या. समजा ॲपमध्ये खंडी ५५,००० दिसते.

५५,००० ला ३५६ नं भागा. रुई पडली साधारण १५४ रुपये ५० पैसे किलो. एक क्विंटल चांगल्या कोरड्या कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास. वाण, वेचा आणि ओल पाहून खाली-वर होते. ३४ किलोचे झाले ५,२५३ रुपये.

उरली सरकी, ६४ किलो धरा. समजा सरकी ३३ रुपये किलो आहे. २,११२ झाले. दोन्ही मिळून ७,३६५. ह्यातून जिनिंग-प्रेसिंगची मजुरी, वाहतूक, दलाली आणि जिनवाल्याचा नफा वजा करा. जे उरते तिथपर्यंत व्यापाऱ्याला ओढता येते. त्याच्या फार खाली बोलला तर त्याला म्हणा, खंडी सांग.

सरकी विसरू नका. बरेच जण नुसता रुईचा भाव पाहतात. सरकीच्या ढेपेला (पेंडीला) मागणी असली की कधी कधी रुई पडलेली असते आणि कापूस तरी टिकून असतो, तो सरकीच्या जोरावर.

एका खंडीला कापूस लागतो साडेदहा क्विंटल. गाठीला पाच.

मापारी_बाबा (पांढरकवडा)
हमीभावही शेजारी लिहून ठेव रे बावा. २०२५-२६ ले लांब धाग्याचा ८,११० आन् मध्यम धाग्याचा ७,७१०. जिनवाल्याच्या उदाहरणात तं खंडी ५५ हजार असूनही हमीभाव निघत नाही. मंग अशा येळी सीसीआयच्या, म्हंजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नेलेला बरा. ओल आठ टक्क्यांच्या आत ठेव, बारापर्यंत घेतात पण पैसे कापतात. रात्रीचा दवाचा कापूस सकाळीच भरून आणू नको. उन्हात पसरव, मंग गाडी भर.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
बरोबर बाबा. पुतण्याले हिशोब वहीत लिहाले लावला. आता एकच सांगा जिनवाले भाऊ. ३४ आन् ६४, झाले ९८. दोन किलो कोठी गेले?

जिनवाला (वणी)
घट. कचरा, पत्ती, कवडी, धूळ, थोडी ओल. स्वच्छ वेचलेल्या कापसाला दोन धरतो. फरदडीचा, म्हणजे हंगामानंतरही राखलेल्या कापसाच्या झाडांचा, आणला तर चार.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
फरदड यंदा ठेवलीच नाही. डिसेंबरात पऱ्हाटी उपटतो आन् हरभरा टाकतो.